तासभर काळोख

स्लॅबवर पाण्याच्या टाकीमागे स्टीलची एक वाटी होती, तिच्यावर बशी झाकलेली, आणि वाटीत तीन किटकॅट होते. रुपेश ओव्हाळ भरदुपारी वर आला होता तो वायर बघायला. घरासमोरच्या खांबावरचा दिवा त्या महिन्यात तिसऱ्यांदा बंद सापडला होता. दिवा जळालेला नव्हता. खांबाला खांद्याच्या उंचीवर पत्र्याची डबी होती, तिच्यातला फ्यूजच कोणीतरी काढून नेला होता. चिनी मातीचा तो पांढरा तुकडा मुठीत मावतो, आणि सगळे वायरमन त्याला किटकॅट म्हणतात. पहिल्यांदा त्याला वाटलं, भंगारवाल्यांचं काम. दुसऱ्यांदा वाटलं, माकडं. दोन्ही वेळा त्यानं पिशवीतून नवा काढून बसवला, दिवा लागला, विषय संपला. तिसऱ्यांदा मात्र मनात आलं की वायर कुठंतरी भिंतीला करंट देत असेल आणि शेजारचं कोणी घाबरून फ्यूज काढत असेल. म्हणून तो वर आला, आणि टाकीमागे हे. त्यानं एक किटकॅट उचलून आत बघितलं. तार शाबूत होती. दुसऱ्याची शाबूत, तिसऱ्याचीही शाबूत. चोर कधी चोरीच्या मालावर बशी झाकत नाही. त्यानं वाटी रिकामी करून फिरवली. काठाखाली टोचून टोचून कोरलेलं नाव होतं, यशोधरा रु. ओव्हाळ. तिच्या माहेरून घरभरणीला आलेल्या सहा वाट्यांतली ती एक. उन्हानं तापलेल्या टाकीला पाठ लावून तो तसाच खाली बसला.

घरात आता दोनच माणसं होती, तो आणि पोरगी मनाली. त्यानं फ्यूज काढला नव्हता. त्याची बायको यशोधरा गेल्या पावसाळ्यात काविळीनं गेली. उरली मनाली. आणि परवाच मनालीनं जेवताना विचारलं होतं, पप्पा, जानेवारीभर रूपालीकडे राहू का, अभ्यासाला शांत आहे. रूपाली तिच्या वर्गातली, चौक गावाच्या वर डोंगरालगतच्या ठाकूरवाडीतली मुलगी. दोघी कर्जतच्या कॉलेजात फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला. रुपेश म्हणाला होता, बघू. त्या घरात त्याच्या 'बघू'चा अर्थ कायम 'नाही' असा व्हायचा, आणि सकाळपर्यंत यशोधरा त्या नाहीचं हो करून ठेवायची. कशी करायची ते त्याला कधी कळलं नाही. सकाळी चहाबरोबर तो स्वतःच म्हणायचा, बरं, जाऊ दे तिला. आता सकाळ झाली तरी 'बघू' तसंच पडून राहत होतं. मनालीनं पुन्हा विचारलं नव्हतं. ती फार विचारणारी मुलगी नव्हतीच. आता वाटी हातात घेऊन बसल्यावर त्याला पहिल्यांदा कळलं की पोरगी अभ्यासाला शांत जागा शोधत नव्हती. ती अंधार शोधत होती. आणि अंधारासाठी ती घर सोडून निघाली होती.

मनालीचा अभ्यास त्यानं रोज बघितला होता आणि कधीच बघितला नव्हता. सकाळी उजाडायच्या आत उठून ती डबा करायची, दोघांचा. मग कर्जतला. प्रॅक्टिकल, जर्नल, लायब्ररी. परत येऊन भाकरीचा तुकडा हातात घेऊनच गणितं सोडवत बसायची, आणि बसायची कुठं, तर स्वयंपाकघरात सिलिंडरला टेकून, फरशीवर. बाहेरच्या खोलीत टेबल होतं, खुर्ची होती. तिनं पुढच्या खिडकीच्या काचांना वर्तमानपत्र चिकटवलं होतं. रुपेशला वाटलं होतं, ऊन येतं म्हणून; खांबाचा उजेड त्याच्या मनातही आला नव्हता. टॉर्चच्या काचेवर तिनं पतंगाचा लाल कागद रबरबँडनं बांधला होता, त्याबद्दलही त्यानं विचारलं नाही, पोरांची कलाकुसर म्हणून सोडून दिलं. एकदाच, यशोधरा असताना, मनालीनं त्याला समजावलं होतं की ती एका ताऱ्याची नोंद ठेवते. आर्द्रा त्याचं नाव. तो काही महिने उजळतो, काही महिने मंदावतो. त्याला मोठी दुर्बीण लागत नाही, नुसत्या डोळ्यांनी शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करायची, कोण जास्त, कोण कमी, आणि आकडा लिहायचा. आभाळ निरभ्र असेल त्या दिवशी खाडा करायचा नाही, सरांनी बजावलंय. खाडा हा शब्द रुपेशला कळला. बाकीचं त्यानं मान हलवून ऐकलं, कारण बुटांच्या नाड्या बांधून तो कामावर निघाला होता. यशोधरा ओट्याशी हसत होती. आडदरा म्हणजे पावसाचं नक्षत्र, ते थंडीत वर दिसतं हे पोरीनं सांगितलं तेव्हा मला वाटलं चेष्टा करते, असं काहीतरी ती म्हणाली होती. तेव्हा ते त्याच्या कानावरून गेलं. आता टाकीशी बसल्यावर ते परत आलं आणि त्याच्या मनात आलं, हिला कधी सांगितलं पोरीनं? आणि हिनं कधी बघितलं?

त्याला दिवा लावलेला दिवस आठवला. लग्नाला महिना झाला नव्हता. शिळफाट्याच्या मागची ही गल्ली तेव्हा पुरती आंधळी होती, टोकाला एक नळ आणि नळापर्यंत खड्डे. यशोधरा नदीकाठच्या गावातली, कर्जतच्या पलीकडची. एका संध्याकाळी ती हंडा घेऊन गेली आणि रिकामी परत आली. नळापाशी कोणीतरी माणूस तिच्या मागं मागं चालला होता, काही बोलला नाही, नुसता चालला. ती उंबऱ्यात बसली आणि एवढंच म्हणाली, "हितं लय काळोख हाय." रुपेश तेव्हा ठेकेदाराकडे नवीन लागला होता, गावातले रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायला. त्यानं साहेबांच्या हातापाया पडून यार्डातला वाकलेला खांब मागून घेतला, वेल्डिंगवाल्याकडून सरळ केला आणि चार दिवसांत घरासमोर उभा केला. गल्ली हसली. लोक बायकोला साडी आणतात, ओव्हाळांच्या पोरानं खांब आणला. पुढं कितीतरी दिवस यशोधरेला बायका खांबवाली म्हणायच्या आणि ती लाजायची. मग त्यानं त्या खांबावर पिवळा बल्ब लावला, नंतर ट्यूब, नंतर वेटोळ्याचा तो सीएफएल, मग एलईडी. दर वेळी नवीन वस्तू आली की पहिली आपल्या खांबावर. ती गेली तेव्हा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यानं सगळ्यांत जोराचा, पांढराधोप दिवा आणून तिथं बसवला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. कामावरून येताना गल्लीच्या तोंडाशीच तो उजेड दिसायचा, आणि तिथून दारापर्यंतच्या अंतरात, बूट काढेपर्यंत, घरात ती आहे असं वाटायचं. तेवढंच. त्या तेवढ्यावर त्याचे दिवस निघत होते. आता तो दिवा काढायचा म्हणजे यशोधरेला दुसऱ्यांदा पोचवायचं. आणि नाही काढायचा तर पोरगी चालली.

त्याच कार्यक्रमात घडलेली एक गोष्ट त्याला वाटी परत झाकताना आठवली. कर्जतच्या मावशीनं मनालीला जवळ घेऊन म्हटलं होतं, रडू नको गं, मम्मी चांदणी झाली, वरून बघते तुला. मनाली शांतपणे म्हणाली, "चांदणी व्हायला हायड्रोजन लागतो, मावशी." भन्तेजी पाणी पीत होते ते थांबले. मावशीनं पदर ओढून घेतला. रुपेशला तेव्हा जमिनीत जावंसं वाटलं. रात्री मात्र पडल्या पडल्या वाटलं की यशोधरा असती तर तोंडाला पदर लावून हसली असती, आणि नंतर मावशीला जास्तीची खीर वाढली असती. हे कोणाला तरी सांगावं म्हणून त्यानं कूस बदलली होती. सांगण्यासारखं माणूस एकच होतं.

खाली उतरला तेव्हा शेजारच्या मालनबाई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना गल्लीतलं सगळं माहीत असतं. रुपेशनं सहज विचारल्यासारखं विचारलं, खांबापाशी कोणी दिसतं का संध्याकाळचं. मालनबाईंनी शेंग दाबून दाणे ताटात टाकले आणि त्याच्याकडे असं बघितलं, जणू हा माणूस आज कुठं विचारतोय.

"तुजी बायकोच काढायची की रं ते डबीतलं," त्या म्हणाल्या.

मालनबाई सांगत गेल्या, हात न थांबवता. तू दिवेलागणीला गेलास की ती यायची, पदरानं हात गुंडाळून ते पांढरं काढायची. आधी सगळ्यांच्या दारात सांगून गेली होती, पोरीला चांदण्या बघू द्या, तासभर काळोख सोसा. कोणाचं काय जात होतं? आम्ही बाहेर बसायचो, तेवढीच टीव्हीला सुट्टी. तू यायच्या आधी परत लावायची. तिचं घड्याळ एकदा चुकलं नाय. आता पोर लावते, पर तिला भान ऱ्हात नाय, ती वरच बसते. म्हनून तुला घावलं.

"मला कोणी सांगितलं नाही, मावशी."

"कोन सांगनार? तू लायटीवाला. तुला सांगायचं का, बाबा तुजी लाईट नको म्हनून?"

"तिला काळोखाची भीती वाटायची."

मालनबाईंचे हात पहिल्यांदा थांबले. "कवाची गोष्ट करतोस? ती तर मला वडून न्यायची वर. मी म्हनायची, बाय, माजं गुडघं गेलं, मी काय बगू चांदन्या. तर म्हनायची, गुडघ्यानं बगायच्या नायत." त्या हसल्या आणि मग डोळे पुसले, वालाच्या हातानं, आणि डोळा चुरचुरला म्हणून पुन्हा वालालाच शिव्या दिल्या.

त्या संध्याकाळी रुपेश रोजच्यासारखा कामावर गेला. रस्त्यावरच्या दिव्यांचं काम असंच असतं, दिवेलागणीला गाडी घेऊन निघायचं, कुठला लागला, कुठला नाही ते बघत हिंडायचं, बंद असेल तिथं शिडी लावायची. दिवसा दिवा बंद आहे की बिघडलाय हे कळत नाही. म्हणून गेली कित्येक वर्षं प्रत्येक संध्याकाळ त्यानं मान वर करून दिव्यांकडे बघत घालवली होती. बरोबरचा दशरथ शिडी धरायचा. त्या दिवशी वरती चढून त्यानं फिटिंग उघडलं आणि तो तसाच थांबला, हातात पेचकस. त्याला राग येत होता का, ते त्यानं तपासून बघितलं. राग नव्हता. आपल्यापासून लपवलं म्हणून वाईट वाटत होतं का? थोडं. पण त्याच्या खाली दुसरं काही होतं आणि ते जास्त दुखत होतं. त्याला वाटायचं, यशोधरा त्याला पूर्ण माहीत आहे. तिला वांग्याचं भरीत आवडत नाही, मोटरसायकलवर वळणाला ती डोळे मिटते, रात्री पाय गार पडतात, काळोखाला भिते. त्यातली एक गोष्ट खोटी झाली होती, कधीच खोटी झाली होती, आणि तो मात्र न भिणाऱ्या बाईसाठी वर्षानुवर्षं उजेड वाढवत बसला होता. आणि ती काळोखात बसून पोरीबरोबर वर बघत होती, रोज, तो नसताना, आणि त्याला दुखू नये म्हणून वेळेवर दिवा लावून खाली येऊन भाकऱ्या थापत होती. आणखी किती गोष्टी असतील? आता विचारायचं कोणाला? खालून दशरथ म्हणाला, "काय रे, वर झोपलास का?" रुपेशनं झाकण बसवलं. दिवा लागला आणि त्याच्या डोळ्यांसमोर हिरवे ठिपके नाचत राहिले. तो सवयीनं थेट दिव्याकडेच बघत होता.

दोन-तीन दिवस असेच गेले. ती डबा द्यायची, तो घ्यायचा. एकदा ती आंघोळीला गेली असताना त्यानं तिच्या भिंतीवरचा आभाळाचा नकाशा जवळून बघितला. गोल कागद, काळे ठिपके, ठिपक्यांना नावं. आर्द्रा, रोहिणी, कृत्तिका. ही नावं त्याला आईच्या तोंडून माहीत होती, पेरणीची, पावसाची. नकाशावर आर्द्रेच्या शेजारी पेन्सिलनं कोणीतरी लहानशी फुली केली होती आणि फुलीचा कागद बोट फिरून फिरून गुळगुळीत झाला होता. बोट मनालीचं की यशोधरेचं, ते कागद सांगत नव्हता.

मग एका संध्याकाळी त्यानं दशरथला सांगितलं, आजची फेरी तू मार, मला घरी जायचंय. दशरथनं तब्येत विचारली. तब्येत बरी आहे म्हटल्यावर त्याला जास्तच काळजी वाटली. गल्लीच्या तोंडाशी रुपेश आला आणि उजेड नव्हता. यशोधरा दवाखान्यात होती तेव्हाही दिवा जळत होता. ती गेली त्या दिवशीही जळत होता. फ्यूज गायब झालेल्या त्या तीन रात्री सोडल्या तर त्या खांबाखाली काळोख त्यानं लग्नाच्या पहिल्या महिन्यानंतर बघितलाच नव्हता. तो भिंतीला हात लावत चालला, स्वतःच्या गल्लीत. माणसं ओट्यांवर बसली होती, हळू बोलत होती, काळोखात माणसं आपोआप हळू बोलतात. कोणीतरी म्हणालं, कोन हाय? तो म्हणाला, मी रुपेश. एकदम सगळं गप्प झालं, वर्गात मास्तर आल्यासारखं. तो मास्तर नव्हता, त्याला तसं सांगावंसं वाटलं. मालनबाईंचा आवाज आला, "जिना सांबाळ, तिसरी पायरी हालते." ती पायरी हलते हे त्याला माहीत नव्हतं.

वर मनाली मोबाईल कानाला लावून बसली होती. रूपालीचा आवाज त्याला पायऱ्यांवरूनच ऐकू आला, वाडीवरचा, मोकळा. तुझा किती, मी धरलाय शून्य पॉइंट सात, अगं ये की इकडं, इथून कृत्तिकेत सहा दिसतात, तिथं काय भिंती बघत बसतेस. मनाली म्हणाली, "मम्मीची जागा इथं आहे गं. पण दिवा परत लावायच्या घाईत धड बघून होत नाही. पप्पांनी नुसतं बघू म्हटलंय..." आणि तिनं मान वळवली. फोन झटकन खाली आला.

"लावते, पप्पा. लगेच लावते."

ती उठून वाटीकडे गेली. रुपेशला पुष्कळ बोलायचं होतं. मालनबाईंनी सांगितलंय, मला माहीत आहे, मला आधीच का नाही, मी काय तुझा वैरी होतो का. तो एवढंच म्हणाला, "राहू दे." मग तो कुठं बसायचं म्हणून बघू लागला आणि मनालीनं हातानं टाकीची बाजू दाखवली. तो बसला. दिवसाची ऊब टाकीत अजून होती. त्याला वर काही दिसेना. नुसतं करडं आभाळ, कारखान्यांच्या बाजूला पिवळसर, आणि घाटात चढणाऱ्या गाड्यांचे दिवे.

"तुम्ही दिव्यांकडून आलात," मनाली म्हणाली. "वेळ लागेल. मोबाईल काढू नका."

"तिला किती लागायचा?"

मनालीला प्रश्न कळायला क्षणभर लागला. "मम्मीला कमी. ती चुलीपुढून यायची तरी तिला आधी दिसायचं. मला म्हणायची, तुझे डोळे पुस्तकानं खाल्ले."

रुपेश हसला. हे वाक्य नवीन होतं. ती गेल्यापासून तिचं एकही नवीन वाक्य त्याच्या कानावर पडलं नव्हतं, तीच जुनी तो फिरवून फिरवून ऐकत होता. त्याला आणखी हवं होतं, आणि मागायला लाज वाटत होती. मनालीला ते कळलं असावं, कारण ती आपणहून सांगू लागली. पहिल्या दिवशी मम्मी वर यायला तयार नव्हती. मग शेजारी येऊन बसली, माझा हात धरून, घट्ट. मला वाटलं मला थंडी वाजेल म्हणून धरलाय. दुसऱ्या दिवशीही धरला. मग कधीतरी सोडला, मला कळलंही नाही. एकदा मी विचारलं, पप्पांना सांगू या का. तर म्हणाली, त्यांनी खांब आणलाय माझ्यासाठी, गावभर हसं करून घेऊन. तो काढा असं माझ्या तोंडानं मी कधी सांगणार नाही.

आभाळ हळूहळू काळं होत होतं, की त्याचे डोळे निवत होते. डोंगराच्या धारेवर एक तांबूस तारा होता. त्याच्या बराच वर दुसरा, तोही तांबूस. ते इतका वेळ तिथंच असणार. त्यानं डोळे चोळले तरी ते राहिले.

"रूपालीकडे जा तू," तो म्हणाला. "महिनाभर जा. तिथं नीट दिसतं ना?"

मनालीनं टॉर्चवरचा लाल कागद सरळ केला. मग म्हणाली, "तुम्ही एकटे."

"मी संध्याकाळची फेरी दशरथला देतो, पहाटेची घेतो. मी इथून बघेन, तू तिथून बघ. रोज फोन कर. खाडा नको."

"तुम्हाला आकडा काढता येणार नाही, पप्पा."

"तुझ्या आईला येत होता?"

"तिला मी शिकवलं."

"मग मला काय मास्तर ठेवू का?"

मनाली हसली, नाकातून, यशोधरा हसायची तसं नव्हे, तिचं स्वतःचं. मग ती त्याच्या जवळ सरकली आणि तिनं दाखवलं. खालची आर्द्रा, वरची रोहिणी. एकीकडे जास्त वेळ टक लावून बघायचं नाही, एकदा ही, एकदा ती, पटकन. डोंगराजवळच्या ताऱ्याचा उजेड हवा थोडा खाते, ते मनात धरायचं. आणि दुसऱ्यानं काय म्हटलं ते आधी विचारायचं नाही, आपलं आपण ठरवायचं. रुपेशनं एकदा ही, एकदा ती बघितली. आयुष्यभर त्यानं वरती बघून एकच गोष्ट ठरवली होती, लागलाय की नाही. कमी-जास्त कधी ठरवावं लागलं नव्हतं. त्यानं वेळ घेतला. खाली कोणाच्या तरी ओट्यावर कोणीतरी खोकलं, पुन्हा शांत झालं.

"खालची मोठी," तो म्हणाला. "आर्द्रा."

"नक्की?"

"नक्की."

मनालीनं डोळे दिपू नयेत म्हणून केलेला तो लाल टॉर्च लावून लिहून घेतलं. मग म्हणाली, "मम्मी कायम वरची म्हणायची. मी शंभरदा सांगितलं तरी. रोहिणीच मोठी."

"चूक आहे ते," रुपेश म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला होता. ती गेल्यापासून तिच्याबद्दल सगळे चांगलंच बोलत होते, तोही, आणि त्यात ती दिवसेंदिवस लांब जात होती. आता ती समोर असती तर तो हातवारे करून म्हणाला असता, अगं डोळे आहेत का काय, ती बघ ना खालची, आणि तिनं मान उडवून म्हटलं असतं, तुमाला दिव्यांचंच कळतं. भाकरी करपेपर्यंत ते भांडले असते. त्यानं पुन्हा एकदा वर बघितलं, रोहिणीकडे. खूप वेळ बघितलं, मनालीनं नको सांगितलं होतं तसं. ती कुठं मोठी दिसते, ते त्याला शोधायचं होतं.